आई, तुम्ही बसा!

गेल्या वर्षी गौरीच्या फराळाला सासूबाईंना सोऱ्या दाबवेना. "आई, तुम्ही बसा, मी करते," म्हणत मी तो हातातून काढून घेतला. वय ८८, चालायचंच, असं वाटलं.

फेब्रुवारीत न्यूमोनिया झाला. ९ दिवस हॉस्पिटल. घरी आल्या आणि कमोडवरून उठताच येईना. मला हाक मारतानाचा त्यांचा ओशाळलेला आवाज अजून कानात आहे.

फिजिओथेरपिस्टनं मुठीची ताकद मोजली. बायकांमध्ये १६ किलोच्या खाली धोका समजतात; आईंचा काटा ११ वर थांबला. याला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीक नाव, अर्थ मांसाचं दारिद्र्य. आपल्या भरल्या घरात!

मग तिची चौकशी सुरू झाली आणि मी आरोपीसारखी उत्तरं देत गेले. थंडीत बाहेर पडतात? नाही. घरातलं काम? आम्ही करू देत नाही. वजन? उतरलंय, आम्ही तर कौतुक करत होतो. जेवण? कवळी टोचते म्हणून वरण-भात, चहा-बिस्किट. साध्या वरणाच्या वाटीत प्रथिनं जेमतेम ५-६ ग्रॅम. आईंच्या ४८ किलो वजनाला रोज ५० च्या पुढे हवीत. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) त्यात अंथरूण. धडधाकट वृद्धसुद्धा १० दिवस झोपून राहिले तर पायांतलं जवळजवळ १ किलो मांस झडतं, आणि आई तर आजारी होत्या.

"या वयात गेलेली ताकद परत येते?" मी विचारलं. तिनं आपल्या बॉस्टनचाच दाखला दिला. १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग: वृद्धनिवासातली, नव्वदीच्या आसपासची १० माणसं. ८ आठवडे पायांनी वजनं उचलली आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

तेव्हापासून आई रोज हात न टेकता खुर्चीतून उठतात-बसतात. आधी एकदा, आता सलग पाच वेळा. नाश्त्याला मूगडाळीचं धिरडं, दुपारी ग्रीक योगर्ट. त्याला त्या चक्काच म्हणतात. आपले कपडे त्याच घड्या घालतात. त्या वाकल्या की माझा जीव अजून वरखाली होतो, पण तोंड बंद ठेवते.

यंदा गौरीला मी चकल्यांना बसले, तर मागून आवाज आला, "अगं, सर बाजूला."

चार चकल्या पाडल्या. एक तुटली, ती मी खाल्ली.