सर्व्हर झोपलाय गं!

सकाळचे सहा दहा. फोन उशीखाली थरथरतो आणि स्क्रीनवर नाव येतं, ‘बाबा’. फ्रीलान्सरच्या आयुष्यात सहा दहा ही उठायची वेळ नसते, कधीकधी झोपायची असते. पण हे बाबांना कोण सांगणार?

‘अगं, तुझा सर्व्हर झोपलाय.’

‘बाबा, सर्व्हर झोपत नाही. मी झोपते.’

‘मग गाणं का थांबलं?’

सलग तीन आठवडे माझ्या दिवसाची सुरुवात या डायलॉगनं झाली.

तर झालं असं. बाबांकडे ११२ कॅसेट्स आहेत. सगळ्या नव्वद मिनिटांच्या, प्रत्येकीवर बॉलपेननं नंबर आणि त्या नंबराची वहीत नोंद. रेडिओवरून टेप केलेलं नाट्यसंगीत, भावगीतं, मधेच क्रिकेटची कॉमेंट्री. गेल्या वर्षी त्यांचा टेप रेकॉर्डर कायमचा गेला. ‘आता हे सगळं भंगारात’ असं बाबा ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मला काही झेपला नाही. म्हटलं, द्या इकडे!

कॅसेटवरून कॉम्प्युटरवर आणायला शॉर्टकट नसतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटंच लागतात. ११२ गुणिले दीड तास म्हणजे १६८ तास. बरोब्बर एक आठवडा, दिवसरात्र! मी ते चार महिन्यांत, रोज संध्याकाळी बसून केलं. सेकंडहँड डेक, त्यातून वायर लॅपटॉपला, ऑडॅसिटी चालू, स्पीकरचा आवाज बंद आणि शेजारी माझं आर्टिकल लिहिणं. म्हणजे ऐकलं असं मी काहीच नाही. का, ते पुढे कळेल.

मग हौसेनं होम सर्व्हर. रास्पबेरी पाय नावाचा क्रेडिट कार्डाएवढा कॉम्प्युटर, त्याला हार्ड डिस्क आणि त्यावर नॅव्हिड्रोम हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. एकूण प्रकार म्हणजे घरातलंच प्रायव्हेट रेडिओ स्टेशन. फोनवर एक अ‍ॅप टाकायचं, सर्व्हरचा पत्ता द्यायचा आणि ६४ नंबरची कॅसेट हवी म्हटलं की ती हजर. सही फंडा!

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बाबा दीड महिना माझ्याकडे कोथरूडला होते. डोळ्यांवर काळा चष्मा, कानात इअरफोन. एकदम रॉकस्टार. आणि मग एका शुक्रवारी सकाळी अ‍ॅप म्हणालं, सर्व्हर सापडत नाही.

आपण सगळे अशा वेळी जे करतो तेच मी केलं. अ‍ॅप उडवलं, परत टाकलं. दुसरं अ‍ॅप टाकलं, तिसरं टाकलं. नॅव्हिड्रोमला सबसॉनिकची भाषा येते, त्यामुळे ती भाषा कळणारी अ‍ॅप्स पैशाला पासरी आहेत. तिन्हींनी एकच उत्तर दिलं. तिघं वेगवेगळे साक्षीदार एकच सांगत असतील तर खोट साक्षीदारात नसते, एवढी अक्कल यायला मला दोन तास लागले. तुम्ही ते वाचवा. अ‍ॅपला हात लावायच्या आधी फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाका. ब्राउझरमध्ये पान उघडलं तर सर्व्हर जिवंत आहे, अ‍ॅपची चौकशी करा. तिथेही नाही उघडलं तर अ‍ॅप बिचारं निर्दोष. (आणि फोन चुकून ‘गेस्ट’ वायफायवर नाही ना, हेही बघा. पाहुण्यांना घरातली कपाटं उघडता येत नाहीत. मी अर्धा तास पाहुणी होते.)

ब्राउझरमध्येही पान उघडलं नाही. सर्व्हर तर समोर लुकलुकत होता! दुसऱ्या शुक्रवारी पुन्हा तेच झालं, तेव्हा ट्यूब पेटली. पुण्यात गुरुवार हा लाइट जाण्याचा वार. लाइट आली की राउटर नव्यानं चालू होतो आणि घरातल्या सगळ्या यंत्रांना नव्यानं नंबर वाटतो. माझा सर्व्हर आधी १९२.१६८.१.३७ वर राहायचा, लाइट आल्यावर १९२.१६८.१.४२ वर राहायला गेला. अ‍ॅप मात्र इमानदारीत जुन्या घराची बेल वाजवत उभं. उपाय पाच मिनिटांचा. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे सर्व्हरचा मॅक अ‍ॅड्रेस टाकून त्याला कायमचा नंबर देऊन टाकला. त्याच झटक्यात सर्व्हर वायफायवरून काढून सरळ केबलनं राउटरला जोडला. एका जागी बसून राहणाऱ्या यंत्राला वायफाय हवंच कशाला?

पुढचा शुक्रवार शांततेत गेला. मी स्वतःची पाठ थोपटली. आणि बाबा सांगलीला परत गेले.

सांगलीहून माझ्या घरातल्या सर्व्हरपर्यंत पोचायचं कसं? नेटवर बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं. म्हणजे बाहेरून कुणी ४५३३ नंबरच्या दारावर आलं की त्याला थेट सर्व्हरकडे पाठवायचं. काही उपयोग नाही. इंटरनेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. त्यांनी मला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. तीनदा. चौथ्या वेळी मीच त्यांना सांगितलं की केलाय.

खरी भानगड राउटरच्या स्टेटस पानावर दिसली. त्यात बाहेरच्या बाजूचा पत्ता १०० पासून सुरू होत होता, आणि ‘माझा आयपी काय’ असं सर्च केल्यावर येणारा पत्ता वेगळाच. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत जेमतेम ४३० कोटी, ते सगळ्या जगाला पुरत नाहीत. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता देतात आणि आत आपापसात १०० वाले नंबर वाटतात. २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. याला सीजी-नॅट म्हणतात. समजा, अख्ख्या सोसायटीला गेटवर एकच टपालपेटी आहे. तुम्ही कुणाला पत्र पाठवलंत तर त्याचं उत्तर वॉचमन तुमच्यापर्यंत बरोबर आणून देतो. पण बाहेरून कुणी आपणहून आलं तर त्याला कुठल्या फ्लॅटवर पाठवायचं हे वॉचमनला माहीतच नसतं. मी आपली माझ्या फ्लॅटचं दार सताड उघडं टाकून बसले होते, आणि पाहुणा गेटवरूनच परत जात होता. टोटल पोपट!

यावर टेलस्केल कामाला आलं. सर्व्हरवर आणि बाबांच्या फोनवर ते टाकलं, की दोघंही आतून बाहेर हाक मारतात आणि मधल्यामध्ये त्यांची गाठ घालून दिली जाते. घरगुती वापराला फुकट. यात सर्व्हरला जो कायमचा नंबर मिळतो तोही १०० नंच सुरू होणारा, त्याच राखीव कोट्यातला! ज्यानं रडवलं त्यालाच गळ्यात घातलं. शिवाय राउटरचं दार आता बंद करता आलं, ते वेगळं. घरचा सर्व्हर उघड्यावर ठेवू नका, हे जाता जाता.

सगळं चालू झालं. आणि तरीही सहा दहाचा फोन चालूच.

आता गाणं सुरू व्हायचं, पण मधेच थांबायचं. मी पुण्यात बसून टेस्ट केलं की मस्त चालायचं. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर लावलं, तरी चालायचं. शेवटी सर्व्हरचा लॉग उघडला. कुणी कधी काय मागितलं याची नोंद तिथे असते. बाबांच्या नावानं रोज सकाळी एकच फाइल. ‘६४-बाजू-बी’. पाच पन्नास, सहा दोन, सहा अकरा. परत दुसऱ्या दिवशी तीच. एकोणीस वेळा! १११ कॅसेट्स सोडून हा माणूस एकाच बाजूच्या मागे का लागलाय?

विचारलं तर म्हणाले, ‘चांगली आहे.’ झालं उत्तर.

त्या फाइलचा आकार बघितला. मी प्रत्येक बाजू अखंड, पंचेचाळीस मिनिटांची, फ्लॅक फॉरमॅटमध्ये ठेवली होती. क्वालिटी नंबर एक आणि वजन जवळजवळ २५० एमबी. सांगलीच्या घरात मोबाइलची रेंज खिडकीपाशीच येते. तिथे हे ओझं ओढणं म्हणजे लूनावरून फ्रीज नेण्यासारखं. नॅव्हिड्रोममध्ये बाबांच्या फोनसाठी एमपीथ्री, १२८ केबीपीएस अशी मर्यादा घातली. तीच बाजू ४३ एमबीत बसली. रेडिओवरून टेप केलेल्या गाण्याला त्यानं काडीचा फरक पडत नाही. ऑडिओवाले मित्र मला माफ करोत.

थोडा फरक पडला, पण गाडी मधेच थांबायची ती थांबायचीच. मग शनिवारी सरळ एसटी पकडली.

त्यांचा फोन हातात घेतला आणि दोन मिनिटांत कळलं. बॅटरी सेव्हर! कायमचा चालू. रिकाम्या खोलीतला पंखा दिसला की बंद करणारे माझे बाबा, फोनला कसे सोडतील? ते गाणं लावून फोन खिशात ठेवणार, स्क्रीन काळी होणार आणि थोड्या वेळानं फोन ‘न वापरलेली’ अ‍ॅप्स झोपवणार. त्यात टेलस्केल झोपलं की रस्ता बंद. म्हणजे बाबा अगदीच चुकीचं बोलत नव्हते. झोपत होतं कुणीतरी. फक्त ते पुण्यात नाही, त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात. म्युझिक अ‍ॅप आणि टेलस्केल, दोन्हींना बॅटरीच्या बंधनातून सूट दिली, व्हीपीएन ‘ऑलवेज ऑन’ केलं आणि ६४-बाजू-बी लावून फोन टेबलावर पालथा ठेवला.

‘आता हलायचं नाही,’ बाबा म्हणाले. मी चहा करायलाही उठले नाही.

अडतीस मिनिटं नाट्यसंगीत. मग खट्ट. मग खरखर. मला वाटलं संपलं, मी फोनकडे हात नेला तर बाबांनी तो धरला. आणि आजीचा आवाज आला. १९८९ साली बाबांनी नवा टू-इन-वन आणला होता आणि उरलेल्या टेपवर त्याचा माइक तपासून पाहत होते. मी आजीला पाहिलेलं नाही. तिचा एकही फोटो हसरा नाही. इथे मात्र ती कुणावर तरी मोठ्यांदा हसत होती, मागे भांडी वाजत होती, तिला कैऱ्या किती आणल्या ते विचारायचं होतं. आणि शेवटी, अगदी माइकजवळ येऊन,

‘बंद कर रे ते आता. सेल संपतील.’

बाबांनी डोळे पुसले. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, हे मी त्यांना आठवण करून दिलं नाही.

‘आधी सांगितलं का नाही तुम्ही?’

‘तू टेप केलीस ना? मला वाटलं, तू ऐकलं असशील.’

ती सात मिनिटं मी आता कापून वेगळी फाइल केलीय. बाबांच्या फोनमध्येच कॉपी करून ठेवलीय, सर्व्हर असो नसो. एक पेन ड्राइव्हवर, एक आत्याला.

काल गुरुवार होता. आज शुक्रवार, सहा दहा, फोन.

‘अगं, ६५ ची बाजू ए दिसत नाहीये.’

उठून बघितलं. नाहीये. म्हणजे माझा तो हिशेब एक आठवडा वजा पंचेचाळीस मिनिटं होता. कॅसेट माळ्यावरच्या खोक्यात आहे. शिडी शेजाऱ्यांकडे आहे आणि ते नऊच्या आधी उठत नाहीत.