विरंगुळा म्हणू नका

नवी मुंबईत महापालिकेने ज्येष्ठांसाठी ‘विरंगुळा केंद्रं’ उभारली, हे चांगलंच केलं. सावली आहे, बसायला जागा आहे, वर्तमानपत्रं आहेत, कॅरम आहे. माझं भांडण पाटीवरच्या शब्दाशी आहे. तरुणांसाठी असते ती अभ्यासिका आणि म्हाताऱ्यांसाठी असतो तो विरंगुळा. म्हणजे साठीनंतर माणसाने दिवस कसाबसा संध्याकाळपर्यंत ढकलायचा असतो, असं आपण गृहीतच धरलंय.

आपण फोनवालेही काही कमी नाही. एखादे निवृत्त काका लिनोवर ठसे कोरतात, जुन्या तबकड्यांची वही ठेवतात, शब्दकोडी रचतात. आपण त्यांचा तीस सेकंदांचा व्हिडिओ काढतो आणि खाली लिहितो, ‘सो क्यूट’. एकदा क्यूट म्हटलं की त्यांना काही विचारायची गरज उरत नाही. ते नक्की काय करताहेत, हे त्या व्हिडिओत कुठेच नसतं.

म्हणून ते काय करतात, ते बघू या.

आधी तबकड्या. १९०२ साली कोलकात्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. कारण तबकडी छापली जायची जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळायला हवं होतं. आपल्या संगीताचा इतिहास अशा तपशिलांतून लिहिला जातो. लेबलचा रंग, तबकडीवर कोरलेला क्रमांक, शेवटची घोषणा हे सगळं कुणीतरी टिपून ठेवावं लागतं. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने हेच केलं. तिचे सचिव सुरेश चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले, म्हणजे पेशाने विज्ञानवाले. संग्राहकांनी स्वतःचं नियतकालिक काढलं आणि माहिती छापून ठेवली.

ही परंपरा जुनी आहे. गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून हजारो चिजा लिहून घेणारे विष्णु नारायण भातखंडे मुळात वकील होते. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांच्या संग्रहातून उभं राहिलं, त्या केळकरांचं चष्म्यांचं दुकान होतं. वीस हजारांहून जास्त वस्तू त्यांनी जमवल्या. तेव्हा कुणी ‘काका, छान वेळ जातो ना?’ म्हणून सोडून दिलं असतं, तर आज तिथे बघायला काय उरलं असतं?

आता शब्दखेळ. मोरोपंतांनी ‘निरोष्ठ रामायण’ रचलं. प, फ, ब, भ, म यांसारखी ओठ मिटावे लागणारी अक्षरं टाळायची. म्हणजे रामाची गोष्ट सांगायची, पण ‘राम’ म्हणायचं नाही! याला आपण पंडिती काव्य म्हणतो आणि सोसायटीतल्या आजोबांच्या शब्दकोड्याला टाइमपास. मराठी कोडं रचणाऱ्याला एक प्रश्न रोज सोडवावा लागतो. एका चौकोनात नेमकं काय बसतं? ‘स्त्री’ हे कोड्यात एक घर, पण तुमच्या फोनच्या युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं. इंग्रजी खेळाचा साचा उचलून मराठीवर बसवला की तो इथेच फसतो. मराठीत शब्दखेळाचं अॅप करायचं असेल, तर हे तीस वर्षं कागदावर सोडवलेला माणूस तुमच्याच बिल्डिंगमध्ये असू शकतो.

ठशांचंही तसंच. लिनोवर अक्षर उलटं कोरलं तरच कागदावर सुलट उमटतं. वेलांटी कोणत्या बाजूला येईल, हे आधी डोक्यात फिरवून बघावं लागतं. घरी प्रेस नसते, म्हणून कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासायचं. एक ठसा बिघडला की दुसरा. हे शिकवणारं माणूस शेजारी असताना आपण ‘क्रिएटिव्ह वर्कशॉप’चे पैसे भरायला जातो.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्यांना आता तरी सुखाने बसू द्या, छंदालाही कामाचा जू कशाला? मुद्दा बरोबर आहे. ज्यांना कॅरम खेळायचाय त्यांनी जरूर खेळावा, त्यासाठी कुणालाही काही सिद्ध करायची गरज नाही. कुणी असंही म्हणेल की आधी पाणी आणि दवाखाने बघा. बघायलाच हवेत. पण मी नवी इमारत मागत नाहीये. जो माणूस मन लावून काही करतोय, त्याला टेबल मिळावं आणि ऐकणारा मिळावा, एवढंच मागतोय.

आणि याला घाई आहे. वाशीत सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. घर रिकामं करून भाड्याच्या जागेत जाताना फ्रिज जातो, टीव्ही जातो. तबकड्यांची खोकी, कोड्यांच्या वह्या, कोरलेले ठसे यांच्याबद्दल मात्र ‘हे कुठे ठेवायचं?’ असा प्रश्न येतो आणि दारात रद्दीवाला उभा असतो. लाखेची तबकडी पडली की फुटते. वही रद्दीत गेली की तिची दुसरी प्रत कुठेच नसते. माणूस गेल्यावर तर त्या खोक्यात काय आहे हे सांगणारंही कुणी उरत नाही.

म्हणून महापालिकेकडे मागणी साधी आहे. प्रत्येक नोडमधल्या एका तरी केंद्रात एक खोली द्या. तिथे एक छोटी हातप्रेस, एक चालू रेकॉर्ड प्लेअर, एक स्कॅनर आणि कुलपाचं कपाट ठेवा. आणि अभ्यासिकेतल्या मुलांना तिथे यायला बंदी नको.

तुमच्याकडे मागणी त्याहून साधी आहे. या रविवारी त्या काकांकडे किंवा मावशींकडे जा. व्हिडिओ आधी काढू नका. वही मागा, तारखा विचारा, प्रत्येक पानाचा नीट फोटो घ्या, खोक्यातल्या वस्तूंची यादी करा आणि तिची एक प्रत त्यांच्या घरी ठेवा. दोन तास लागतील. कंटाळा आला तर पुढच्या रविवारी उरलेलं करा.