पहिली खेप रोख, शेवटची उधार



मृग बहाराचा माल उतरला, बाग ताणावर सोडली. हाताला चार दिवस उसंत होती म्हणून मुंबईला जाऊन आलो. चिंचपोकळीला. आजची नोंद बागेची नाही, तिथली आहे. पण शेवटपर्यंत वाचलीत तर तुम्हीच म्हणाल, ही बागेचीच हाय.

चिंचपोकळीत आमच्या गावकीची खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा माणमधली पोरं तिथं पाळीनं झोपायची. एक पाळी कामावर, दुसरी अंथरुणावर. १९८२ चा संप झाला आणि बरेच जण गावी परतले, आमचे वडीलही. आत्या मात्र तिथंच चाळीत राहिली.

काही वर्षांपूर्वी त्या चाळीचा पुनर्विकास निघाला. तीन वर्षांत नवीन घर, तोवर दर महिन्याला भाडं, असा करार. पहिली दोन वर्षं एक तारीख चुकली नाही. मग उशीर व्हायला लागला, मग बंदच. आता चौदा महिने झाले. जागेवर पत्र्याचं कुंपण, आत पाणी साचलेला खड्डा. आत्या दिव्याला भाड्याच्या खोलीत. वय शहात्तर, आणि भाडं मुलगा भरतोय, ज्याचं स्वतःचं जेमतेम चालतं.

भाडेकरूंची बैठक होती, तिला घेऊन गेलो. लोकलमध्ये तिनं विचारलं, "तुझ्या डाळिंबाचं पैसं आलं का रं?"

म्हणलं, "नाही आत्या."

आमचं असं झालं. व्यापारी बागेत आला, माल बघितला, दर ठरला, इसार दिला. पहिली खेप भरली, काट्यावरच पैसे. दुसरी भरली, दुसऱ्या दिवशी खात्यावर. तिसरीला म्हणला, "दादा, दोन्ही खेपांचे एकदम देतो." तिसरी आणि चौथी गाडी गेली, आणि आठ दिवसांनी फोन बंद. एक लाख शहाऐंशी हजार.

आत्या थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हंजे तुझं आणि माझं एकच झालं की."

बैठकीत बसल्या बसल्या तेच डोक्यात फिरत होतं. फसवणूक पहिल्या दिवशी होत नाही. पहिली खेप रोखच असते. दोन वर्षांचं भाडं वेळेवरच येतं. त्यामुळं "माणूस बघून व्यवहार करा" हा सल्ला मला आता पटत नाही. माणूस आम्ही बघितला होता. पैसे कुठं आहेत ते बघितलं नव्हतं.

याला जगात जुना उपाय आहे, त्याला एस्क्रो म्हणतात. नाव अवघड, काम सोपं. देणाऱ्यानं पैसे तिसऱ्याच्या हाती ठेवायचे. ठरलेलं काम झालं की तिसऱ्यानं ते घेणाऱ्याला द्यायचे, नाही झालं तर परत. जुन्या काळी गावात दोघांचा सौदा असला की रक्कम पाटलाकडं किंवा भरवशाच्या वाण्याकडं ठेवायचे, तेच हे. फक्त तो तिसरा माणूस कायद्यानं बांधलेला पाहिजे.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा आणि बाजार समितीचा कायदा, दोन्हींच्या नावात १९६३ साल आहे. पहिल्यात तेव्हाच लिहिलंय की बिल्डरनं लोकांकडून घेतलेली आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी, तो त्या पैशाचा विश्वस्त आहे, आणि ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरावी. दुसऱ्यानं आडत्याला, व्यापाऱ्याला परवान्यात आणलं. लिहिलेलं चांगलं होतं, पण खात्यावर नजर ठेवणारं कुणी नव्हतं.

मग २०१६ ला रेरा कायदा आला, २०१७ च्या मे महिन्यात महारेरा सुरू झालं. घर विकत घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात. जेवढं बांधकाम तेवढेच काढायचे, तेही इंजिनीअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले घेऊन. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. १ जुलै २०२४ पासून महारेरानं एका प्रकल्पाला तीन खाती सांगितली: सगळे पैसे आधी एका खात्यात, तिथून किमान ७० टक्के दुसऱ्यात, उरलेले तिसऱ्यात. एजंटांनाही २०२३ पासून प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हे मला फार आवडलं. औषध विकणाऱ्याला परवाना लागतो, मग लाखोंचा सौदा लावणाऱ्याला चार नियम पाठ नकोत का?

पण दोन खोट आहेत, त्या बोलायलाच पाहिजेत.

एक, ते ७० टक्क्यांचं खातं बिल्डरच चालवतो. दाखला देणारा इंजिनीअर आणि सीए त्याच्याच पैशावर. खरा तिसरा माणूस त्यात नाहीच. कॅलिफोर्नियात एस्क्रोचा धंदा करणाऱ्या कंपनीला राज्याचा परवाना लागतो, हिशेब तपासले जातात, आणि कंपनीच्याच माणसानं पैसे खाल्ले तर भरपाईसाठी त्या कंपन्यांची मिळून एक संस्था आहे. म्हणजे कुंपणच शेत खाणार हे गृहीत धरून त्यांनी सोय केली. आपण अजून कुंपणावर विश्वास ठेवतोय.

दोन, रेरा मुळात विकत घेणाऱ्याला डोळ्यापुढं ठेवून लिहिलाय. नव्या टॉवरमध्ये फ्लॅट घेणाऱ्याच्या पैशाला कुलूप आहे. त्याच जागेवर पन्नास वर्षं राहिलेल्या आत्याच्या भाड्याला नाही. झोपडपट्टी पुनर्वसनात बिल्डरनं दोन वर्षांचं भाडं आगाऊ भरावं असा नियम आणलाय. मग चाळीला का नको? माझं म्हणणं सरळ आहे. पूर्ण मुदतीचं भाडं वेगळ्या बँक खात्यात पडल्याशिवाय एकही खोली रिकामी करायला लावू नये, आणि त्या खात्याची शिल्लक भाडेकरूंना फोनवर दिसावी.

शेताचंही तसंच. २०१६ ला सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. विकायची मोकळीक मिळाली, त्याला माझा विरोध नाही. पण बांधावरच्या सौद्यात आता ना परवान्याची अट, ना बँक हमी. उपाय आहे. ऑनलाइन वस्तू घेता तेव्हा मधल्या पेमेंट कंपनीला दुकानदाराचे पैसे बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात, रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्येच नियम केलाय. मोबाइलच्या कव्हरसाठी ही सोय आणि दोन गाड्या डाळिंबासाठी नाही? जिल्हा बँकेनं किंवा शेतकरी कंपनीनं असं खातं उघडावं. व्यापाऱ्यानं गाडी भरायच्या आधी रक्कम तिथं टाकावी, काटा पावती आली की शेतकऱ्याला सुटावी.

आमच्या व्यापारी मित्राला हे सांगितलं तर म्हणला, "माझं भांडवल अडकणार, मग मी दर कमी देणार." खरं बोलला. किलोला एक-दोन रुपये कमी घ्यायला मी तयार आहे. बुडालेल्या दोन गाड्यांचा हिशेब केला तर ते स्वस्तच पडतं.

एक सावधगिरी. आता "तुमचे पैसे सुरक्षित खात्यात जमा आहेत, सोडवण्यासाठी हा कोड स्कॅन करा" असे मेसेज फिरतात, जुना ट्रॅक्टर विकायला काढला की लगेच येतात. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. अडकलात तर ताबडतोब १९३० ला फोन करा. एस्क्रो म्हणणारा कोणीही असला तरी आधी बँकेत जाऊन विचारा, खातं खरंच आहे का, आणि पैसे कुणाच्या सहीनं सुटतात.

बैठकीत शेवटी ठरलं की सगळ्यांनी मिळून लेखी तक्रार करायची. आत्यानं सही केली. गिरणीत पगाराच्या वहीवर मामा करायचे तशीच, सावकाश, रेघेवर. येताना म्हणाली, "घर बघायला मी असंन-नसंन, पण पोराचं भाडं तरी सुटू दे."

मंडळी, तुमच्याकडं बांधावरच्या सौद्यात पैसे आधी बँकेत ठेवायची पद्धत कुणी चालू केली असेल तर कमेंटमध्ये लिहा. आमच्या गटाला ती या बहाराला करून बघायची आहे.

पुढच्या नोंदीत छाटणी आणि पानगळ.