पाणी जात बघत नाही, पंचनामा बघतो

प्रत्येक महापुरानंतर एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "निसर्ग जात बघत नाही. पुरात सगळे सारखेच बुडाले." मंत्री हे वाक्य बोलतात, वाहिन्यांचे निवेदक बोलतात आणि आपल्यातलेही काही शहाणे माना डोलावतात.

वाक्य अर्धे खरे आहे. पाण्याला जात नसते. पण पाणी जिथे आधी शिरते ती जागा कोणाच्या वाट्याला आली, हे याच व्यवस्थेने ठरवले. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठाला, पाणंदीच्या तोंडाला कोणाची वस्ती बसवली गेली, हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. आणि पाणी ओसरल्यावर जो कागद हातात घेऊन सरकार दारात येते, त्या कागदावर कोणाचे नाव चढते आणि कोणाचे चढत नाही, हेसुद्धा ठरलेलेच असते. बुडताना सारखे असलेले लोक उभे राहताना सारखे राहत नाहीत. माझा वाद इथे आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पाण्याखाली गेले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून माणूस म्हणून आपला हक्क बजावला, त्याच महाडची बाजारपेठ सावित्रीच्या पुराने धुऊन नेली. त्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५० हजार रुपये आणि टपरीधारकांना जास्तीत जास्त १० हजार रुपये मदत जाहीर केली. ऐकायला बरे वाटते. पण अटी वाचा. दुकानदार अधिकृत हवा, टपरी स्थानिक संस्थेकडे नोंदलेली हवी, नाव स्थानिक मतदार यादीत हवे, रेशन कार्ड हवे.

आता सांगा, बसस्टँडच्या भिंतीला टेकून रापी आणि आरी घेऊन बसणारा गटई कामगार यात कुठे बसतो? घराच्या पडवीत सुपे-टोपल्या विणणारे बुरूड कुटुंब कोणत्या रकान्यात जाते? बँड पथकाची वाद्ये, मंडपवाल्याचे कापड, भाड्याच्या खोलीतले शिलाई मशीन, भंगाराचा गाडा, आठवडी बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बाईची टोपली, हे सगळे धंदेच आहेत. त्यावर घरे चालतात, पोरे कॉलेजात जातात. पण पंचनाम्याच्या भाषेत हा धंदा अस्तित्वातच नाही. जो धंदा नव्हताच, त्याचे नुकसान कसे होणार?

कोणी म्हणेल, यात जात कुठे आली? नियम सगळ्यांना सारखा आहे. मित्रांनो, हीच तर खरी गोम आहे. ज्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या बाजारपेठेतली मोक्याची जागा, सातबारा, गाळ्याचा करार, बँकेचे खाते आहे, त्याच्यासाठी हा नियम दरवाजा आहे. ज्याला गावाने जागाच दिली नाही, त्याच्यासाठी तोच नियम भिंत आहे. तलाठी माणूस म्हणून वाईट असायची गरज नाही. चार दिवसांत शेकडो पंचनामे करणारा तलाठी कागद असेल तेच लिहिणार. अन्याय त्याच्या मनात शोधत बसू नका, तो फॉर्मच्या रकान्यात आहे.

हे फक्त महाराष्ट्रात घडते असेही नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर दलितांना मदत छावण्यांत कशी वागणूक मिळाली, याची नोंद मानवी हक्क संघटनांनी करून ठेवली आहे. मच्छीमारांच्या बोटी आणि जाळी मोजली गेली. त्याच किनाऱ्यावर मजुरी करणाऱ्या दलितांची बुडालेली मजुरी मोजायला रकाना नव्हता. पुढच्याच वर्षी देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आला. त्याच्या कलम ६१ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की नुकसानभरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यावरून भेदभाव करता येणार नाही. आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांनी तहसीलदारापुढे हे कलम ठेवले आहे? ॲट्रॉसिटीची कलमे आपल्याला तोंडपाठ आहेत, ती असायलाच हवीत. हे कलमही तेवढेच तोंडपाठ हवे.

बुडालेला मोठा व्यापारी पुन्हा कसा उभा राहतो तेही पाहा. त्याचे दहा लाखांचे नुकसान झाले आणि सरकारने ५० हजार दिले, तर तो त्या ५० हजारांवर उभा राहत नाही. त्याचा विमा असतो, बँक कर्जाची फेररचना करून देते, मुंबई-पुण्याचा घाऊक व्यापारी उधारीवर माल पाठवतो. हिशेब संगणकात असतो आणि त्याची प्रत दुसऱ्या शहरात असते. म्हणजे त्याची सावरण्याची तयारी पुराआधीच झालेली असते. आपल्या माणसाचे १५ हजारांचे नुकसान होते. भिजलेल्या कातड्याला बुरशी येते, मशीन गंजते. मग तो महिना दहा टक्क्याने पैसे उचलतो आणि पुढची तीन वर्षे ते फेडत बसतो. पूर आठ दिवसांत ओसरतो, कर्ज ओसरत नाही.

म्हणून म्हणतो, लढाई पुराच्या आधीची आहे. आपण ती पुरानंतर लढायला जातो.

बाबासाहेबांनी पुराकडे कसे पाहिले ते आठवा. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडाला. बाबासाहेबांनी धान्याची पोती वाटून विषय संपवला नाही. १९४५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात दामोदर खोऱ्याच्या आणि कटकला ओरिसाच्या नद्यांच्या प्रश्नावर परिषदा घेतल्या. पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांची एकत्र योजना करण्याचा आग्रह धरला. नियोजन हे राज्याचे कर्तव्य आहे ही त्यांची भूमिका होती. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी काय मागितले? विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाचा आयुर्विमा सक्तीचा असावा. संकटात सापडलेल्या माणसाने कोणाच्या दयेवर जगू नये, हा त्यामागचा विचार आहे. त्या विचाराचे वारस आज ब्लँकेट वाटपाच्या रांगेत फोटो काढत आहेत.

हे कठोर वाटेल, पण बोललेच पाहिजे. २०१९ आणि २०२१ मध्ये आपल्या संघटनांनी गाड्या भरून धान्य नेले, गाळ उपसला, औषधे पोहोचवली. त्या कार्यकर्त्यांना मानाचा जय भीम. पण किट दहा दिवस पुरते. त्यानंतर त्या गटई कामगाराच्या हातात रापी कोणी दिली? त्याचा अर्ज कोणी भरला, नाकारल्यावर अपील कोणी केले? दान वाटणे हे आपल्या चळवळीचे ध्येय कधीच नव्हते. आपण हक्क मागणारे लोक आहोत.

हक्क मागायला जागा आहे, पैसाही आहे. याच कायद्याच्या कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याला आपत्ती व्यवस्थापन आराखडा करावा लागतो आणि दरवर्षी तो अद्ययावत करावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी करून दिली: ४० टक्के तातडीच्या मदतीला, ३० टक्के पुनर्बांधणीला, १० टक्के पूर्वतयारी व क्षमतावाढीला आणि २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांना. माहितीचा अधिकार वापरा आणि विचारा. आमच्या जिल्ह्यात पूर्वतयारीचा पैसा कशावर खर्च झाला? आराखड्यात बोटी आणि लाइफ जॅकेट आहेत, पण आमच्या वस्तीतल्या धंद्यांची यादी आहे का? माणसे हलवायची जागा ठरली आहे, पण अवजारे आणि माल हलवायची जागा ठरली आहे का?

यावर ठरलेला आक्षेप येतो. नोंद नसलेल्यांना मदत दिली तर खोटे दावे वाढतील. ठीक आहे, मग नोंद आधी करा! पथविक्रेता कायदा २०१४ चा आहे. त्यात सर्वेक्षण आहे, विक्री प्रमाणपत्र आहे, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून द्यायचे आहेत. नगरपालिकेने सर्वेक्षण करायचे नाही आणि पुरानंतर त्याच माणसाला "तुझी नोंद नाही" म्हणून हाकलायचे, हा कुठला न्याय? ज्याने नोंद टाळली, त्याने पुरावा मागू नये.

सरकारकडे मागायचे ते मागूच, पण आपल्या हातात जे आहे ते आजपासून करता येते. जयंती १४ एप्रिलला असते आणि मृग ७ जूनला लागतो. मधे ५४ दिवस असतात. नदीकाठच्या प्रत्येक वस्तीतल्या जयंती मंडळाने हे दिवस या कामाला द्यावेत. वस्तीतल्या प्रत्येक धंद्याची यादी करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती एजंटला पैसे न देता करून द्या. जीएसटी नसलेल्या अगदी लहान धंद्यांसाठी उद्यम असिस्ट हा मार्ग २०२३ पासून खुला आहे. अवजारे, मशीन, माल यांचे फोटो तारखेसह काढा आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या फोनमध्ये ठेवा. पंचनाम्याच्या वेळी तेच बोलतील.

विम्याचेही तसेच. 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे आणि तिच्यात पुराचे नुकसान येते. किती जणांना ठाऊक आहे? महात्मा फुले महामंडळ आणि संत रोहिदास महामंडळाच्या प्रत्येक कर्जासोबत या विम्याचा हप्ता शासनाने भरावा, ही मागणी लावून धरा. समाजकल्याण विभाग गटई कामगाराला पत्र्याचा स्टॉल देतो. स्टॉल वाहून गेल्यावर नवा किती दिवसांत मिळेल, हेही शासन निर्णयात लिहून घ्या. आणि समाजमंदिर बांधायला निधी मिळेल तेव्हा वरचा मजला मागा. पाणी चढू लागले की शिलाई मशिने आणि वाद्ये तिथे जातील.

हे काम दिसायला छोटे आहे. त्यात घोषणा नाहीत, स्टेज नाही, हार नाहीत. म्हणूनच ते टाळले जाते. पण 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' याचा नदीकाठच्या वस्तीत दुसरा काय अर्थ आहे? कायदा शिका, यादीच्या निमित्ताने संघटित व्हा आणि पाणी येण्याआधी तहसील कचेरीत संघर्ष करा.

पुढचा पूर येणार आहे. त्याची तारीख कोणाला ठाऊक नाही. पण पाणी ओसरल्यावर जो पंचनामा होईल, त्यात आपल्या माणसांचे नाव असेल की नाही, ते या ५४ दिवसांत ठरेल. ते आपण ठरवू.

जय भीम!