पेट्रोल कोण पितं?

गेल्या महिन्यात आमच्या घरात एका निरपराध माणसावर आरोप झाला. आरोपी माझा एकोणीस वर्षांचा मुलगा आणि आरोप करणारी मी. अम्मीची स्कूटर घेऊन तो मित्रांबरोबर हिंडतो, असं माझं म्हणणं. पुरावा एकच, पाच-सहा दिवसांत रिकामी होणारी टाकी.

"अम्मी, दादीची औषधं आणायला तेवढी नेली होती," तो म्हणाला. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून चावी खिळ्याला न लावता कपाटात ठेवू लागले. तो भांडला नाही, पण जेवताना गप्प राहू लागला.

त्याच सुमारास स्कूटरने दुसरा त्रास सुरू केला. सकाळी चोक न देता एका बटनात चालू व्हायची, पण थोडं अंतर गेलं की सिग्नलला इंजिन धडधडायचं, आवाज खाली-वर व्हायचा. एकदा हायवे ओलांडताना ती मधोमध बंद पडली. मागे धाकटी मुलगी बसलेली, डावीकडून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने वेळेत ब्रेक लावला, म्हणून हे लिहिते आहे.

गॅरेजवाल्याने स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून दिलं. स्कूटर बंद पडायची थांबली, पण आता उभी असतानाही पुढे ओढायची, ब्रेक धरून ठेवावा लागायचा. इंजिनची रेस वाढली की गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच आपोआप पकडू लागतो. म्हणजे दुखणं होतं तिथेच राहिलं, वर फक्त पांघरूण पडलं.

मुलांचे अब्बा म्हणाले, "आधी मोजून तर बघ. वर्गात मुलांना हेच सांगतेस ना?" मला लाज वाटली. गणित शिकवणारी मी आणि टाकी रिकामी झाली एवढ्यावर निकाल देऊन मोकळी!

मग टाकी भरली. पंपाची नळी आपोआप बंद झाली तिथेच थांबवलं, किलोमीटर वहीत लिहिले. आठवड्याने त्याच पंपावर तशीच पुन्हा भरली. १५४ किलोमीटरला ४.४ लिटर, म्हणजे लिटरला ३५. हीच गाडी पूर्वी ४८ देत होती. माझी शाळा जाऊन-येऊन २४ किलोमीटर. सहा दिवसांचे १४४ आणि बाजार व औषधं मिळून १०. हिशोबात एकही किलोमीटर जादा नव्हता. मुलगा हिंडत असता तर किलोमीटर वाढले असते, अ‍ॅव्हरेज एवढं पडलं नसतं. पेट्रोल स्कूटरच पीत होती. महिन्याला ६०० किलोमीटर धरले तर साडेचार लिटरहून जास्त वाया. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेचारशे रुपयांवर.

आता चोर शोधायचा होता. मुलाला हाक मारली आणि दोघांनी सोप्यापासून सुरुवात केली. टायरमधली हवा पाहिली. हवा कमी असली की गाडी जड चालते. मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवलं. ब्रेक घासत असेल तर तिथेच कळतं. दोन्ही ठीक निघालं. एअर फिल्टर मात्र धुळीने काळा झाला होता. तो बदलला, थोडाच फरक पडला.

मग दुसऱ्या मिस्त्रींकडे गेलो. वयस्कर माणूस. त्यांनी प्लग काढून माझ्या हातात दिला. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन बरं जळतंय. पांढरट असेल तर हवा जास्त, पेट्रोल कमी. काळं आणि तेलकट असेल तर ऑइल जळतंय. आमचा प्लग चुलीच्या काजळीसारखा कोरडा काळा होता. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. "पंधरा दिवसांपूर्वी नवीन टाकलाय," मी म्हटलं. ते हसले. "मॅडम, प्लग साक्षीदार आहे, गुन्हेगार नाही. नवीन टाकला तरी तोही काळाच होणार."

पेट्रोल नीट जळायला वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ कमी होते, म्हणून चोक ओढून जादा पेट्रोल द्यायचं. इंजिन तापलं की ते बंद व्हायला हवं. आमची स्कूटर थंडीत चोक न देता चालू व्हायची याचा मला अभिमान होता. खूण तिथेच होती! चोकची केबल पावसाच्या पाण्याने आत गंजली होती. दांडी खाली आलेली दिसायची, पण कार्बोरेटरमधली जादा पेट्रोलची वाट अर्धी उघडीच राहायची. चोक दिवसभर चालू.

केबल बदलली, प्लग साफ केला, इंजिन तापल्यावर आयडलिंगचा स्क्रू जागेवर आणला. खर्च एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी. पुढच्या भरणीला अ‍ॅव्हरेज ४६.

तुमच्याकडे अशी तक्रार असेल तर मिस्त्रीला नुसतं "गाडी नीट करा" म्हणू नका. थंड असताना त्रास होतो की तापल्यावर, हे सांगा. थंड असताना बरी आणि तापल्यावर बिघडत असेल तर बहुधा पेट्रोल जास्त जातंय. उलट, तापल्यावरही थोडा चोक दिला की बरी चालत असेल, तर कुठूनतरी जादा हवा शिरत असेल किंवा कार्बोरेटरचं बारीक भोक तुंबलं असेल. कार्बोरेटरच्या तोंडाशी असलेला रबरी जोड चिरला आहे का, ते पाहायला सांगा. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. तिथेही नियम तोच. तापमान सांगणारा सेन्सर बिघडून "इंजिन थंड आहे" असं सांगत राहिला, तर जादा पेट्रोल जातच राहतं. मीटरवर इंजिनचा दिवा पेटून राहिला तर दुर्लक्ष करू नका.

आणि एक महत्त्वाचं. बंद पडवीत किंवा जिन्याखाली इंजिन चालू ठेवून तपासणी करू नका. पेट्रोल जास्त जात असेल तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

चावी पुन्हा खिळ्यावर लावली. मुलाला म्हटलं, "चूक माझी होती. न मोजता बोलले." तो म्हणाला, "जाऊ दे अम्मी. दादीची औषधं संपलीत, आणू का?"

आणि चावी घेऊन गेला. त्या रात्री जेवताना त्याच्या गप्पा संपता संपेनात.