शाळा गेली तरी अंगण राहावे

भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात जून सरता सरता भाताच्या लावणीची घाई सुरू होते. घरातील धडधाकट माणसे दिवसभर खाचरात वाकलेली असतात. जी शेतात नसतात ती शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यांत पाळीवर गेलेली असतात, नाहीतर पुण्यात असतात. घरी उरतात ती वृद्ध माणसे आणि लहान मुले. बाहेर पावसाची झड आणि आत अंधारी पडवी. अशा वेळी तीन-चार वर्षांच्या मुलाला रमवायचे कसे, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो आणि अलीकडे त्याचे एकच उत्तर सापडले आहे : मोबाइल त्याच्या हाती देणे. मूल गप्प बसले म्हणजे ते सांभाळले गेले, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

या समजुतीचा दोष आईबापांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. जिला सकाळपासून तिन्हीसांजेपर्यंत रोपे लावायची आहेत, त्या आईला ‘मुलाला वेळ द्या’ असा उपदेश करणे ही तिच्या कष्टांची थट्टाच होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली असे सुचवले की, वर्ष-दीड वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून अधिक बसवू नये आणि त्याची दिवसातून किमान तीन तास हालचाल व्हावी. सल्ला योग्यच आहे. परंतु तो पाळण्यासाठी लागणारी जागा, साधने आणि मोकळे माणूस एकट्या घराने कोठून आणावे? हा खर्च गावाने आणि शासनाने उचलायचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आणि वाड्यावस्त्यांवरील छोट्या शाळांचे भवितव्य टांगणीला लागले असताना हा प्रश्न लांबणीवर टाकण्याजोगा राहिलेला नाही.

कोसबादचा धडा

मुलांच्या खेळासाठी भरपूर पैसा लागतो, ही कल्पना महाराष्ट्राने फार पूर्वीच खोटी ठरवली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर नेले. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असे दिसताच ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पाने हेच तेथील शैक्षणिक साहित्य ठरले. गुरे वळायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मॉन्टेसरीबाईंचे तत्त्व इटलीहून आले होते. साधने मात्र डहाणूच्या रानातली होती.

राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या कोणत्याही वाडीत या साधनांना तोटा नाही. चिंचोके आहेत, सागरगोटे आहेत, ओढ्यातले गुळगुळीत गोटे आहेत, करवंट्या आणि बांबूच्या कांबी आहेत. चिंचोके वाटून घेताना मूल संख्या शिकते, लगोरी रचताना हाताची नेमकेपणा शिकते, लंगडीत तोल सावरते आणि आट्यापाट्यांत नियम मोडला तर डाव मोडतो हे समजून घेते. पुढे नागरिकशास्त्राच्या तासाला जे शब्दांनी सांगावे लागते, ते अंगणात अनुभवाने कळलेले असते.

‘अंगणवाडी’ हे नाव पुढे सरकारी योजनेने उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि आज ती वाडीवाडीत पोहोचली आहे. हे यश थोडे नाही. परंतु अंगणवाडी सेविकेच्या दिवसाचा हिशेब मांडला तर आहारवाटप, वजने, सर्वेक्षणे, नोंदवह्या आणि २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ यांतच तिचा बहुतेक वेळ संपतो. खेळ आणि गोष्ट यांच्या वाट्याला उरलेसुरले क्षण येतात. नाव अंगणाचे राहिले, अंगण मात्र मागे पडले.

जमैकाचा हिशेब

‘खेळून का कोणाचे पोट भरते?’ असा प्रश्न गावात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर अर्थशास्त्राजवळ आहे. १९८६-८७ मध्ये जमैका बेटावरील किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास सुरू झाला. ही मुले नऊ महिने ते दोन वर्षे वयाची होती. त्यांपैकी काही मुलांच्या घरी एक आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर येई आणि मुलाशी कसे बोलावे, कसे खेळावे हे आईला दाखवी. खेळणी घरातल्या टाकाऊ वस्तूंतून केलेली असत. असे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा या मुलांची कमाई त्यांच्यासारख्याच, पण ही सोबत न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक आढळली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांच्या लेखकांत नोबेल पारितोषिकाचे मानकरी अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन हेही होते. केवळ पूरक आहार मिळालेल्या मुलांत असा दीर्घकालीन फरक दिसला नाही, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. याचा अर्थ आहार नको असा मुळीच नाही. आहाराने शरीर तगते. पण त्या जोडीला बोलणारे, खेळणारे माणूस लागते.

धरण बांधताना आपण चाळीस-पन्नास वर्षांच्या लाभाचा हिशेब करतो. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी अशी एकामागून एक धरणे याच दोन तालुक्यांनी आपल्या जमिनी देऊन उभी राहू दिली आणि त्यांचे पाणी दूरवर गेले. मग या तालुक्यांतील मुलांच्या पहिल्या सहा वर्षांवर केलेल्या खर्चाला मात्र ‘गुंतवणूक’ म्हणण्यास आपण का कचरावे?

पुस्तकांचे अर्थशास्त्र

खेळ जवळजवळ फुकट मिळतो. पुस्तक मात्र विकत घ्यावे लागते. लहान मुलाचे चित्रांचे पुस्तक दहा मिनिटांत वाचून होते आणि लवकर फाटते. मजुरीवर चालणाऱ्या घराला शंभर रुपयांचे असे पुस्तक महागच वाटणार. पण तेच पुस्तक पन्नास मुलांच्या हातून फिरले तर प्रत्येक मुलामागे दोन रुपयेच पडतात. जी वस्तू एका घराला परवडत नाही, पण गावाला सहज परवडते, ती सार्वजनिक रीतीने पुरवावी, हा अर्थशास्त्रातला अगदी प्राथमिक धडा आहे.

मराठीत मुलांसाठी पुस्तके नाहीत, ही तक्रार अर्धीच खरी आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. १९५७ मध्ये स्थापन झालेला नॅशनल बुक ट्रस्ट आणि २००४ मध्ये निघालेली प्रथम बुक्स ही संस्था यांनी कमी किमतीत मराठी पुस्तके काढली आहेत. अडचण आहे ती वाटेची. तालुक्याच्या बाजारपेठेत वह्या, पाठ्यपुस्तके आणि मार्गदर्शके मिळतात. चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचून दाखवावे असे पुस्तक सहसा मिळत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये राज्यात गावोगावी अनुदानित वाचनालये झाली. परंतु त्यांतील पुष्कळशा ठिकाणी वर्तमानपत्रे चाळणारे प्रौढ आणि स्पर्धा परीक्षेचे उमेदवार हेच वाचक मानले जातात.

यावर तोड काढण्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी शतकापूर्वी आपल्या संस्थानात फिरत्या वाचनालयाच्या पेट्या खेडोपाडी धाडल्या होत्या. समजा, दहा वाड्यांसाठी पन्नास-पन्नास पुस्तकांच्या दहा पेट्या केल्या आणि दर महिन्याला त्या पुढच्या वाडीला हलवल्या, तर दहा महिन्यांत प्रत्येक वाडीतील मुलापुढून पाचशे पुस्तके जातील. सरासरी साठ रुपये किंमत धरली तर एकूण खर्च तीस हजार रुपये, म्हणजे वाडीमागे तीन हजार. एखाद्या स्वागतकमानीच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नव्हे.

मागे उरलेली वाडी

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मागवले, तेव्हा नंदुरबारमधील तोरणमाळ आणि वेल्ह्यातील पानशेत ही दोन उदाहरणे आदर्श म्हणून पुढे ठेवण्यात आली. समूह शाळेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्या शाळेत चारच मुले आहेत तेथे ना धड वर्ग भरतो, ना खेळाचा डाव रंगतो. मोठ्या शाळेत सवंगडी मिळतात, प्रत्येक इयत्तेला शिक्षक मिळतो आणि प्रयोगशाळाही मिळू शकते.

पण बसमध्ये चढते ते सहा वर्षांवरचे मूल. त्याचे तीन-चार वर्षांचे भावंड वाडीतच राहते. शिवाय बसने जाणारे मूलही संध्याकाळी, रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्याच्या सुटीत वाडीतच असते. धनगरवस्तीवर किंवा धरणाच्या फुगवट्याने एकट्या पडलेल्या वाडीत शाळेची खोली हेच बहुधा गावकीच्या मालकीचे एकमेव पक्के छप्पर आणि तिच्यापुढची जागा हेच एकमेव सपाट मैदान असते. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाने प्रत्येक शाळेला क्रीडांगण, खेळसाहित्य आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय आवश्यक ठरवले आहे. शाळा हलली की कायद्याने दिलेल्या या तिन्ही गोष्टी त्या वाडीतून एकदम जातात. खोलीला कुलूप लागते, पुढे कौले सरकतात आणि दोन पावसाळ्यांत भिंत खचते.

म्हणून आग्रह असा की, कोणत्याही वाडीतील शाळा हलवण्यापूर्वी तिची खोली, कपाट आणि अंगण मुलांच्या वाचनासाठी व खेळासाठी राखून ठेवण्याचा निर्णय लेखी व्हावा. जिल्हा परिषदेने जागेची मालकी आपल्याकडे ठेवून वापर ग्रामपंचायतीकडे द्यावा. पुस्तकांच्या पेट्यांची जबाबदारी तालुक्यातील अनुदानित वाचनालयांनी घ्यावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करावा, असा दंडक आहेच. त्यातून गावातील एखाद्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला मानधन देऊन रोज दोन तास आणि लावणीच्या दिवसांत पूर्ण सकाळभर हे अंगण चालवता येईल. ओव्या, उखाणे आणि गोष्टी ज्यांच्या तोंडी आहेत अशा आज्यांना तेथे मानाने बोलवावे. मोबाइललाही तेथे मज्जाव नसावा. फक्त तो मोठ्यांच्या हाती असावा. त्यावरून गोष्ट शोधून मोठ्याने वाचता येते, टाकाऊतून खेळणी कशी करावी हे पाहता येते.

हे सारे कोण सांभाळणार, अशी शंका घेतली जाईल. देवळाची, सप्ताहाची आणि यात्रेची व्यवस्था जी गावे बिनचूक ठेवतात, त्यांना एक खोली झाडून उघडी ठेवणे जड जाऊ नये. उणीव आहे ती हे काम गावाचे आहे, असे ठरवण्याची. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत भोर-वेल्ह्यातील पाच-दहा गावांनी जरी असा ठराव केला, तरी पुढच्या लावणीला खाचरात उतरणाऱ्या आईला घरी ठेवलेल्या मुलाची काळजी थोडी कमी वाटेल. शिक्षकांनी आणि आमच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हा ठराव लिहून देण्याइतके तरी साह्य करावे.