हाक कुणाची?

इंग्रजीत दोन जुळे शब्द हायेत. व्होकेशन आणि ॲव्होकेशन. दोघांच्या पोटात लॅटिनमधली एकच 'हाक'. पहिला म्हणजे जन्माचं काम, ज्याची हाक आतून येते. दुसरा म्हणजे त्या कामापासून बाजूला नेणारी हाक, फावल्या वेळचा उद्योग.

दोस्तहो, आमच्या बापजाद्यांनाही हाक यायची. आतून नाही, पाटलाच्या ओट्यावरून. मेलेलं ढोर ओढ, सांगावा ने. या गुलामीला वतन म्हणत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन कायदा बदलायचं बिल मांडलं. वतन मोडलं ते १९५८ च्या कायद्यानं.

मी मॅट्रिक. दिवसा गोदीत गोणी वाहतो, रात्री कविता लिहितो. एक साहित्यिक म्हणाले, 'छान छंद आहे.' म्हणजे गोणी व्होकेशन, कविता ॲव्होकेशन! अहो, गोदीत मला कुणी हाक मारली नाही, भुकेनं ढकललं. गोणीची मजुरी घेतली की हिशोब मिटतो. कवितेचा मिटत नाही. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवायचे. १९७२ ला 'गोलपिठा' आला. त्यातलं छंद कोणतं, सांगा की!

आमच्यापुरते हे दोन शब्द उलटे करा. हाक आता आम्ही निवडणार.